पेवाचा सूर

चिंचहिप्परग्यात कान म्हणावा असा एकच होता, तो संगप्पा वीणेकऱ्याचा. बाकीच्यांच्या डोक्याला होत्या त्या नुसत्या पाळ्या, बिडी खोचायला बऱ्या. मठातल्या भजनात संगप्पा वीणा धरायचा, आणि वाजवता वाजवता एखाद्याकडे बघून त्यानं नुसती भुवई उचलली की तो गडी मुकाट्यानं टाळ खाली ठेवायचा. उदगीरच्या बाजारातून माठ आणला की बाया तो आधी संगप्पाच्या ओट्यावर न्यायच्या. तो टिचकी मारायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "परत दे. बुडाला केसाएवढी चीर हाय." चीर निघायचीच. असं वर्षानुवर्षं चाललं की माणसाला आपल्या कानाचा गर्व होणारच. संगप्पालाही होता, आणि गावानंच तो लाडानं वाढवला होता.

या कानाकडे गावाचं एक मोठं काम होतं. मठाच्या अंगणात गावाचं सामाईक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली दोन पुरुष खोल अरुंद नरडं, आणि त्याच्याखाली घागरीसारखं फुगलेलं पोट. सुगीच्या साली घराघरातून ज्वारी येऊन आत पडायची. तिच्यावर कडब्याचा जाड थर, तोंडावर शिळा, शिळेवर शेणमातीचा लिंपा. वाईट साल येईपर्यंत तिथं कुणी हात लावायचा नाही. आणि लावलाच तर कळावं म्हणून जुन्या लोकांनी एक युक्ती करून ठेवली होती.

पेव भरलं की शिळा बसवायच्या आधी वीणेकऱ्यानं तोंडाशी पालथं पडायचं आणि आत सूर सोडायचा. खालच्या खर्जातून धरायचं आणि हळूहळू वर चढायचं. बाकी सगळे सूर आत जाऊन विरून जायचे. एका जागी मात्र पेव तो सूर पकडायचं आणि दसपट करून परत द्यायचं. काठावर बसलेल्यांच्या छातीत घुमायचं, लहान पोरं आयांना बिलगायची. तो पेवाचा सूर. वीणेकरी मग त्याच सुराची, फक्त वरच्या सप्तकातली, वेळूची नळी कापायचा आणि ती मठात खुंटीला टांगायचा. पुढं कधी पेव उघडलं की आधी नळी फुंकायची, मग आत सूर सोडायचा. दोन्ही जुळले तर धान्य जागेवर. कुणी धान्य उपसलं असेल तर आतली पोकळी वाढते आणि सूर उतरतो. दोर सोडून खोली मापायच्या भानगडीत कुणी पडत नसे. कडबा कसाही फुगवून रचता येतो, सूर रचता येत नाही, असं म्हातारे सांगायचे.

लातूर जिल्हा झाला त्या साली ज्वारी मोप पिकली होती. आता उस्मानाबादेच्या फेऱ्या संपल्या म्हणून हणमंतराव पाटलांनी गावभर पेढे वाटले, आणि त्याच हौसेत पेव गळ्यापर्यंत भरलं. संगप्पानं सूर काढला, नळी कापली. त्याच्या शेजारी उकिडवा बसून मन्मथप्पा हसत होता. पेवाची राखण मन्मथच्या घरी पिढ्यानपिढ्या होती. त्याचं घर मठाच्या भिंतीला लागूनच, आणि राखणीचा मान म्हणजे पेव उघडल्यावर पहिली पाटी त्याच्या दारात. संगप्पाची धाकटी बहीण नीलम्मा त्याला दिलेली. मन्मथ तापट होता, पण ताप आला तसा उतरायचाही. हसायला लागला की मठातली कबुतरं उडायची.

"मेव्हणे," तो म्हणाला होता, "तुमचा कान आन माझी राखण. चोरानं येवं तरी कुठून?"

त्याच साली दिवाळीनंतर अवकाळी पावसानं झोडपलं. मठाच्या अंगणात घोटाभर पाणी साचलं. पाणी ओसरल्यावर मन्मथनं शिळेवर नव्यानं लिंपलं आणि तो विषय तिथंच संपला.

पुढच्या उन्हाळ्यात उदगीरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे अमृतराव मास्तर या नळीची गोष्ट ऐकून बसनं मुद्दाम आले. शिकलेला माणूस आपल्या ओट्यावर टेकला म्हणून संगप्पा फुलून गेला होता. मास्तरांनी पिशवीतून सोड्याची रिकामी बाटली काढली, तिच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकर घातली. हूं असा खालचा सूर निघाला. मग बाटलीत पाणी ओतत गेले आणि फुंकत गेले, तसा सूर पायरी पायरीनं वर चढला.

"हे तुमचं पेव," मास्तर म्हणाले. "नरड्यातली हवा बुचासारखी खालीवर होते. पोटातली हवा तिला स्प्रिंगसारखी परत ढकलते. पोट मोठं असलं की स्प्रिंग ढिली, म्हणून सूर खालचा. पोटात भर पडली की स्प्रिंग ताठ, सूर वरचा."

संगप्पानं वीणेच्या भोपळ्यावर हात ठेवला. "ह्याच्याबिगर तार निस्ती डासावानी कुणकुणती."

"तेच. पोकळी स्वतः सूर काढत नाही. तिला मानवेल तो सूर तेवढा उचलून धरते. परदेशात एका शास्त्रज्ञानं पितळेचे पोकळ गोळे करून घेतले होते, लहानमोठे. एकेका गोळ्याचा एकेक सूर. गोळा कानाला लावला की सगळ्या गोंगाटातून तेवढाच सूर ऐकू यायचा. सुरात काय काय मिसळलंय ते त्यानं असं निवडून काढलं, आपण तांदळातले खडे निवडतो तसं."

"म्हंजे माझा कानच की," संगप्पा म्हणाला, आणि मास्तर मनापासून हसले. मग संगप्पानं एक प्रश्न विचारला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर हा प्रश्न त्याला सुचलाही नसता. "पोट बदललं की सूर बदलतो, नरडं बदललं की बदलतो. आनखी कशानं बदलतो, मास्तर?"

"आणखी म्हणजे, आतली हवा. पण हवा काय, सगळीकडे सारखीच," मास्तरांनी हात झटकला आणि चहाची बशी तोंडाला लावली. ते हात झटकणं पुढं दोघांच्याही मानगुटीवर बसलं.

मग पावसानं तोंड काळं केलं. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या साली विहिरींच्या तळाला पोरं गोट्या खेळू लागली. जिल्हा जवळ आला होता, पण टँकर अजून लांबूनच यायचा, आणि आला तरी त्यातलं अर्धं पाणी भांडणात सांडायचं. बैल उदगीरच्या बाजारात गेले, ज्यांचे विकले नाहीत त्यांचे दावणीलाच बसले. बायामाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी हाताला चिंध्या बांधून परत यायची. संगप्पाच्या घरी रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी दिवसातून एकदाच भाजली जायची. भजनाला आलेली माणसं टाळाला टेकून डुलक्या घ्यायची. संगप्पानंही भुवया उचलणं सोडून दिलं होतं.

पेव उघडायचं ठरलं तेव्हा गावाच्या जिवात जीव आला. पण भुकेल्या गावात बातम्यांना पाय फुटतात. एक बातमी अशी की लातूरहून जीप येणार, आणि ज्या गावाच्या जमिनीत धान्य सापडेल त्या गावाचं दुष्काळी काम बंद होणार. हे कुणी सांगितलं ते कुणालाच सांगता येईना. दुसरी बातमी मन्मथची. त्याची गाडी मागच्या महिन्यात दिवस उजाडायच्या आत ताडपत्री झाकून उदगीरकडे गेली होती. गाडीत काय होतं? विचारायला कुणी गेलं नाही, कुजबुजायला मात्र सगळे होते. संगप्पाच्या कानावरही ते आलं. त्यानं बहिणीला विचारायला हवं होतं. पण सख्ख्या बहिणीला असं विचारायचं कसं, म्हणून तो गप्प राहिला, आणि संशय मात्र त्याच्या मनात खड्यासारखा रुतून बसला.

पेव उघडायची रीत ठरलेली होती. सकाळी शिळा काढायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. याला म्हणायचे पेवाला श्वास देणं. बंद पेवातली हवा माणूस मारते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग दोराला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील जगला तर सूर घ्यायचा, सूर जुळला की माणसं उतरायची. पण त्या दिवशी शिळा बाजूला झाली आणि हणमंतराव पाटील म्हणाले, "उद्यापातुर थांबाया वेळ न्हाई. जीप कवा बी यील. संगप्पा, सूर आत्ताच बगा. जुळला की घोंगडी हलवून हवा काढू आन दुपारपातुर वाटून मोकळं हू."

"श्वास द्यायाचा ऱ्हायला, पाटील," मन्मथ म्हणाला.

"श्वास द्यायाचा तो मानसासाठी. सुराला काय त्याचं? संगप्पा, सुराला हाय का काय त्याचं?"

अंगणात सगळं गाव उभं होतं. हातात गोण्या, पाट्या, कुणाच्या हातात नुसतंच पातेलं. सगळ्यांचे डोळे संगप्पावर. त्याला मास्तरांचा झटकलेला हात आठवला. हवा सगळीकडे सारखीच. "न्हाई," तो म्हणाला. "सुराला काय बी न्हाई." त्याच्या आधीच्या वीणेकऱ्यांनी सूर नेहमी दुसऱ्या दिवशीच घेतला होता. का, ते कुणी सांगून ठेवलं नव्हतं. त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यानं नळी फुंकली. मग पालथं पडून तोंड पेवाच्या काठाशी नेलं. आतून आंबूस, उबट वास आला. त्यानं मान वळवून बाहेर श्वास भरून घेतला आणि सूर सोडला. खर्जातून चढत तो नळीच्या सुरापर्यंत आला. पेव गप्प. त्यानं पुन्हा खालून धरलं. नळीच्या सुराच्या पुरता एक सूर खाली असताना पेव घुमलं. काठावरच्यांच्या छातीत घुमलं, पोरं बिलगली. लोकांना वाटलं जुळलं, कुणीतरी हरहर म्हणालंसुद्धा. संगप्पानं तिसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदाही तेच.

तो उठून बसला. त्याच्या कपाळाला माती लागली होती. यावेळी त्याला इतकंच म्हणता आलं असतं की उद्या पुन्हा बघू. पण त्याचा कान आजवर चुकला नव्हता, आणि मनातला तो खडा टोचत होता.

"उतरलाय," तो म्हणाला.

"किती?" पाटलांनी विचारलं.

"एक सूर."

"म्हंजे जवारी किती?"

संगप्पानं मन्मथकडे बघितलं नाही. "लई," तो म्हणाला.

मग मागून कुणीतरी गाडीचं बोललं, ताडपत्रीचं बोललं, आणि एकदम सगळेच बोलू लागले. मन्मथ पुढं आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

"मेव्हणे, म्या चोरली?"

"म्या तसं म्हनलो न्हाई, दाजी. सूर उतरला एवढंच म्हनलो."

"त्याचा दुसरा अर्थ काय हुतो, तेवढं सांगा गावाला. म्या खाली मान घालून ऐकून घेतो."

संगप्पाला दुसरा अर्थ माहीत नव्हता. मन्मथनं डोक्याचा पटका काढून शिळेवर ठेवला आणि पाय पेवात सोडले. नरड्याच्या भिंतीला उतरायला खोबण्या होत्या. संगप्पानं झेप घेऊन त्याच्या सदऱ्याची बाही धरली. "दाजी, कंदील तरी सोडू द्या आदी!"

"कंदिलाला काय इचारता?" मन्मथनं बाही सोडवून घेतली. "तुमच्या कानाला इचारा."

तो भराभर खाली गेला. आधी डोकं दिसत होतं, मग अंधार. कडबा उपसल्याची खसखस ऐकू आली आणि मग त्याचा आवाज आला, "हाय की! हातभर खाली..." आवाज मन्मथचा होता आणि नव्हता. जाडजूड, जड, कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा. गावानं शब्द ऐकले. संगप्पानं तो जडपणा ऐकला आणि त्याच्या अंगावर काटा आला, का ते त्याला तेव्हा कळलं नाही. मग खाली काहीतरी कडब्यावर पडलं, आणि त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी खालून उत्तर आलं नाही.

कंदील पेटवून सोडला तर तो निम्म्या नरड्यातच विझला. दुसऱ्यांदा सोडला, दुसऱ्यांदा विझला. संगप्पा पेवात पाय टाकू लागला तेव्हा चौघांनी त्याला मागं ओढलं, आणि तो त्यांना लाथा मारत, शिव्या देत राहिला. दोराला घोंगडी बांधून खालीवर हापसली, प्यायला ठेवलेलं पाणी आत शिंपडलं. नीलम्मा भिंतीपलीकडून आली, काय झालं ते एकाच नजरेत समजली, आणि पेवाच्या काठाशी बसून तिनं घोंगडीचा दोर हातात घेतला. तिच्या तळहाताची सालटी निघाली. दिवस कलताना कुठं कंदील जगला. दोन गडी दोर बांधून उतरले आणि कडब्याखाली काय आहे ते बघायला न थांबता मन्मथला वर काढलं. त्याच्या अंगात काहीच उरलं नव्हतं. उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. उघडली तर तिच्यात काळपट पडलेली, कुबट वासाची ज्वारी.

पाटलांनी ती बघितली. ते वाईट माणूस नव्हते, पण सकाळपासून जे बोलले ते मागं घ्यायला त्यांची जीभ वळेना. "मूठभर काय," ते पुटपुटले, "उपसलेल्या पेवाच्या तळाला बी ऱ्हातीच."

नीलम्मानं ते ऐकलं. तिनं ती ज्वारी पदरात बांधून घेतली.

सकाळी मळ्यात खड्डा खणला. आमच्याकडे लिंगायत माणसाला मातीत झोपवत नाहीत, बसवतात. मन्मथला घराच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूच्या दोनच माळा, कारण दुष्काळात फुलं मिळाली तेवढीच. विधीसाठी जंगम महाराज आले होते. गाव जमलं होतं, पण माणसं खुर्चीपासून हातभर लांब उभी होती. चोराच्या मयताला यायचं की नाही हे ज्यांचं ठरलं नव्हतं, ती भिंतीच्या पलीकडे, मठाच्या अंगणातच थांबली होती. उचलायची वेळ झाली तशी नीलम्मा घरातून बाहेर आली. नवऱ्याकडे न जाता ती सरळ भावासमोर उभी राहिली.

"अण्णा, नळी काढ."

संगप्पाला कळलं नाही.

"मठातली नळी काढ. सूर बग. आत्ता. माती द्यायच्या आदी."

"नीलम्मा, ही काय येळ हाय का..."

"हीच येळ हाय. काल तुमी लई घाई केलाव, आज म्या करून राहिले. ह्यांना चोर म्हनून मातीत बसवू देनार न्हाई म्या. गाडीत काय हुतं इचारायचं हुतं की मला. गोठ्याचे पत्रे हुते. इकताना लाज वाटली म्हनून झाकून नेले. चल, ऊठ."

पेव कालपासून उघडंच होतं. संगप्पानं नळी आणली. त्याचे ओठ कोरडे होते, पहिली फुंकर नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा सूर निघाला. तो पालथा पडला. कालचा आंबूस वास आता जवळजवळ नव्हता. आणि त्या क्षणी, बहीण पाठीशी उभी असताना, मेव्हणा खुर्चीत बसलेला असताना, त्याच्या मनात आलं की सूर उतरलेलाच निघू दे. म्हणजे मी खोटा पडणार नाही. म्हणजे निदान मी तरी खोटा पडणार नाही. हा विचार आपल्याच मनातून आला हे समजून त्याला स्वतःची किळस आली, आणि त्यानं सूर सोडला.

नळीच्या सुराला पोचताक्षणी पेव घुमलं. काल घुमलं त्याच्यापेक्षा मोठ्यानं, मोकळं, जमिनीखालून कुणी हंबरावं तसं. खुर्चीभोवतीची माणसं वळून बघू लागली. पोरं आयांना बिलगली. केसाचाही फरक नव्हता.

संगप्पाला उठवेना. नीलम्मा त्याच्यावर वाकली.

"काय झालं, सांग."

"जुळला."

"काल उतरला म्हनलास तवा सगळ्या अंगनाला ऐकू गेलं हुतं. आता कामून तोंडातल्या तोंडात बोलून राहिलास? मोठ्यानं म्हन."

"जुळला!" संगप्पा ओरडला. ओरडताना त्याचा आवाज फाटला. भिंतीपलीकडची माणसं एकेक करून आत आली आणि खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. हणमंतराव पाटलांनी फेटा काढला. पाटलांनी कुणाच्या दारात फेटा काढलेला गावानं त्याआधी बघितला नव्हता. नीलम्मानं तिकडे लक्षही दिलं नाही.

कंदील सोडून माणसं उतरली. कडब्याखाली हातभर ज्वारी काळी, ढेकळं झालेली. पहिल्या सालच्या त्या अवकाळीचं पाणी शिळेखालून मुरत गेलं होतं. त्याच्याखाली ज्वारी चांगली, गळ्यापासून तळापर्यंत, एका पायलीचाही घोळ नाही.

अमृतराव मास्तर अकराच्या बसनं आले तेव्हा माती देऊन झाली होती. बातमी उदगीरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोचली होती. संगप्पा मठाच्या पायरीवर बसला होता. मास्तर त्याच्या शेजारी बसले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओलं धान्य श्वास टाकतं, संगप्पा. माणसासारखंच. ती हवा जड असते, तळाशी साचून राहते. त्या हवेत आवाज सावकाश चालतो. पोट तेच, नरडं तेच, पण सूर उतरतो. तोंड उघडं राहिलं, हवा बदलली, की पुन्हा जागेवर येतो."

"दाजीचा आवाज," संगप्पा म्हणाला. "खालून आला तो. तो बी उतरल्यावानी वाटला मला."

मास्तरांनी मान हलवली. "तीच हवा त्याच्या छातीत गेली होती."

"म्हंजे त्याच्या तोंडून पेवच सांगत हुतं मला, हवा बदललीय म्हनून. आन म्या निस्तं ऐकलं." संगप्पा नळीकडे बघत होता. "तुमाला ठावं हुतं?"

"पुस्तकात आहे. मी नववीला शिकवतो."

"मंग त्या दिवशी कामून न्हाई सांगितलाव?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "सुचलं नाही," ते म्हणाले. इतकं साधं उत्तर संगप्पाला अपेक्षित नव्हतं. त्याच्यावर रागावताही येईना. आपलंही उत्तर तेच होतं.

दुपारी वाटणी झाली. रडत रडत का होईना, माणसांनी गोण्या भरून नेल्या. भूक कुणाच्या मयतासाठी थांबत नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. जीप त्या दिवशी आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. पुढं कधीच आली नाही.

पहिली पाटी रिवाजानं मन्मथच्या दारात गेली. पाटलांनी स्वतः डोक्यावर घेऊन नेली. लिंगायताच्या घरी सुतक धरत नाहीत, चूल त्याच दिवशी पेटते. नीलम्मानं जात्यावर बसून ज्वारी दळली. सालटी गेलेल्या हातांनी पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या आणि शेजारच्या बाईकडून भावाला बोलावणं पाठवलं.

संगप्पा आला तेव्हा ताट मांडलेलं होतं. एक पांढरी शुभ्र भाकरी, बाजूला मीठ आणि वाटलेली मिरची. तीन सालं लाल मिलो खाऊन इतकी पांढरी भाकरी डोळ्यांना टोचत होती. खुंटीवर मन्मथचा पटका होता.

"बस. खा."

"नीलम्मा, जानार न्हाई गळ्याखाली."

"जाईल. भरलेलं हुतं पेव."

त्यानं तुकडा मोडला. पेवाच्या कुबट वासाचा अंश तिच्यात अजून होता, तो मिरचीनंही गेला नाही. तो चावू लागला. आपल्याच तोंडात चावल्याचा आवाज त्याला कानात ऐकू येत होता, बाकी घरात कसलाच आवाज नव्हता. नीलम्मा समोर गुडघे जवळ घेऊन बसली होती. तो संपवेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं दुसरी वाढली.